हद्दीचा दगड आणि कडब्याची गंजी

१९७४. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. माझ्या खळ्यावर हजर: मी, बौद्ध वस्तीतले गुरुजी, ज्यांचं रान माझ्या खालच्या अंगाला आहे, टेकडीला लागून जमीन असलेले सात-आठ शेतकरी, आणि माझे चुलत दीर, ज्यांचा आणि माझा बांध एक आहे. दीर न बोलावता आले होते. बैठक मोडायची असली की त्यांना निरोप लागत नाही.

आमचं गाव जिंतूर तालुक्यात, टेकडीच्या पायथ्याशी. फाल्गुनात वरचं गवत वाळून कुडकुडीत होतं आणि कोणाच्या तरी बिडीनं पेटतं. बंब परभणीहून येईपर्यंत राखसुद्धा थंड होते. आमचे हे नोकरीमुळे जिंतूरला राहत, शेती मी बघत असे. गोठ्यात सहा जनावरं आणि पाऊस पडेपर्यंत त्यांचं पोट एका कडब्याच्या गंजीवर. दुष्काळात बैल विकावे लागले होते. नवी जोडी नुकतीच दारात उभी राहिली होती. ती परत विकायची नव्हती. म्हणून वणवा मंडळ काढायचं मी मनावर घेतलं.

नियम वाचून दाखवले. होळीच्या आत प्रत्येकानं बांधालगतचं गवत खरडून मोकळा पट्टा करायचा. धूर दिसला की पत्र्याचा डबा वाजवायचा. डबा ऐकून घरटी एका माणसानं ओलं पोतं घेऊन निघायचं. आणि एखाद्याची गंजी जळालीच, तर बाकीच्यांनी आपल्यातल्या पेंढ्या काढून त्याला द्यायच्या.

शेवटच्या नियमावर सगळ्यांनी माना डोलावल्या. दीर पहिल्यावरच अडले होते.

"वहिनी, पट्टा खरडायच्या नावाखाली बांध कोरायचाय तुमाला."

"दोरी लावून खरडू, भाऊजी. दोन्हीकडून सारखं."

"दोरी कोण धरणार? हे?" त्यांनी गुरुजींकडे नुसती मान उडवली.

"एक टोक तुमीच धरा की," गुरुजी म्हणाले. "मंजे माझा हात लांब झाला तर तुमाला आधी दिसंल."

लोक हसले. दीर धोतर झटकून उठले. "माझ्या बांधाला खुरपं लागलं तर बघा," म्हणाले आणि गेले.

होळीपर्यंत दीर सोडून सगळ्यांचे पट्टे झाले. मी माझ्या बाजूनं बांधाच्या पायापर्यंत जमीन साफ केली. बांध तसाच राहिला, कमरेएवढ्या वाळक्या गवताचा. त्याच्या मधोमध हद्दीचा दगड. दीर रोज सकाळी येऊन तो जागेवर आहे का बघून जात. त्या माणसानं स्वतःच्या बैलांकडेही इतक्या वेळा पाहिलं नसेल.

चैत्रात, भर दुपारी डबे वाजले. माणसं धावली. वणवा टेकडीवरून उतरला, इतरांच्या पट्ट्यांपाशी आला आणि तिथं भुकेला राहून विझला. दिरांच्या पडीक रानातून मात्र सरळ आमच्या बांधावर आला. त्यांच्या बाजूनं दहा माणसं उभी राहिली असती तर तिथंच झोडपला गेला असता. पण दीर काठी आडवी धरून, दगडाला पाठ लावून उभे.

"माझ्या हद्दीत पाय ठेवायचा न्हाई. गडबडीत दगड हलवायचा हाय तुमाला, मला कळायलाय."

"दादा, दगड जळत नसतो," गुरुजी ओरडले. "बाजूला व्हा."

ते हलले नाहीत. आग पायाशी आल्यावर आपल्या घराकडे पळाले. तोवर बांध वातीसारखा टोकापर्यंत पेटला होता आणि टोकाला माझी गंजी होती. ठिणग्यांना मोकळ्या पट्ट्याचं काय. ओली पोती आपटून आम्ही गोठा वाचवला. गंजी वाचली नाही. दगड होता तिथंच होता, काळा पडलेला.

दुसऱ्या दिवशी कडब्याच्या गाड्या आल्या. पहिली गुरुजींची. दीर पलीकडून बघत होते. त्यांची गंजी लांब, घराजवळ. तिला झळही लागली नव्हती.

"मिळाली का भीक, वहिनी?"

"भीक तुमच्या दारात मागावी लागली असती, भाऊजी. हा माझा हिस्सा हाय."

ती सहा जनावरं त्या कडब्यावर मृगापर्यंत तगली. बैल विकले नाहीत.

पुढच्या वर्षी दिरांनी गुरुजींकडून निरोप धाडला: मंडळात नाव घाला, पण आधी सरकारी मोजणी करा, बांधाचं मग बघू. मंडळी म्हणाली, घेऊन टाकू. मी म्हणाले, आधी बांध, मग नाव. गुरुजी म्हणाले, "ताई, तुमी दोघं एकाच घरचे शोभता." मला ते आवडलं नाही, अजूनही आवडत नाही.

चार वर्षं झाली. मोजणी झालेली नाही. मी गंजी आता खाली, गुरुजींच्या पट्ट्याच्या आत रचते. होळी पंधरा दिवसांवर आली आहे. काल सगळीकडे फिरून पट्टे बघून आले, झाले आहेत. आमचा बांध खरडायचा राहिला आहे.