कपाटातल्या मुलीचा घास

या सदरातले अनुभव मी चार-पाच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचत होते. ड्युटीवर चहा पिताना एखादा किस्सा वाचायचा आणि नवऱ्याला पाठवायचा... बघ, अजून एकाला पांढरी साडी दिसली. मी भुलीची डॉक्टर आहे. माणूस शुद्धीतून जातो कसा आणि परत येतो कसा हे रोज जवळून बघते, आणि त्यात मला कधी काही गूढ वाटलेलं नाही. तेव्हा विश्वास नव्हता म्हणजे अजिबातच नव्हता. आता काय आहे ते मला नीट सांगता येत नाही, म्हणून घडलं तसं लिहिते.

आम्ही आयर्लंडमध्ये लिमरिकला राहतो – मी, निखिल आणि आमची पाच वर्षांची इरा. निखिल मूळचा पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये आहे. मागच्या उन्हाळ्यात माझी आई अमरावतीहून तीन महिन्यांसाठी आली होती. निखिलच्या डोक्यात कधीपासून एकच होतं – फ्रान्समधल्या एखाद्या जुन्या गावात आठवडाभर घर भाड्याने घ्यायचं, बाजारातून ब्रेड आणायचा, काहीही बघायला जायचं नाही. पण आईचा व्हिसा फक्त आयर्लंडचा. फ्रान्ससाठी वेगळा काढायचा म्हणजे परत कागदपत्रं आणि अपॉइंटमेंटा. मग एक दिवस निखिल लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला, फ्रान्सला जाता येत नाही ना, मग फ्रान्सच इकडे आलंय.

आमच्यापासून गाडीने दीड तासावर, देशाच्या मधल्या भागात एक गाव आहे. तीनशे वर्षांपूर्वी धर्मावरून छळ झाला म्हणून पळून आलेले फ्रेंच लोक तिथे वसले. त्यांचं चर्च आहे, पुढच्या एक-दोन पिढ्या तिथे फ्रेंचच बोलत होत्या म्हणे. त्यांची घरंही उलटी – रस्त्याकडे पाठ, तोंड मागच्या बागेकडे आणि बाग उतरत नदीपर्यंत. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण ते घर अजूनही भाड्याने जातं आणि मला कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही.

शनिवारी दुपारी पोचलो. नोरीन नावाच्या साठीच्या बाईंनी चावी दिली, गरम पाण्याचं बटण दाखवलं. स्वयंपाकघर मोठं, दगडी भिंती दोन हात जाड. चुलाण्याच्या शेजारी भिंतीतच एक उंच कपाट होतं, हिरव्या रंगाचं. त्याचं दार घट्ट बसतं, वापरू नका, बाकी सगळं ग्रँड आहे, असं सांगून नोरीन गेल्या. मला घर फार आवडलं. उन्हाळ्यात इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, आणि त्या मोठ्या खिडक्यांतून तो थेट जेवणाच्या टेबलावर यायचा.

आता इराबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापाशीच येतं. इरा जेवायची नाही. वजन कायम कमी, दोन आठवड्यांपूर्वीच डॉक्टरांकडे मोजलं होतं, सतरा किलो. आईने तर विमानतळावरच जाहीर केलं होतं, की या पोरीला अंगाने भरल्याशिवाय मी परत जात नाही. इथल्या लोण्याचं तिने घरी तूप कढवलं, ते बरणीत भरून सुट्टीलाही आणलं. आणि त्या पहिल्या संध्याकाळी ती वरणभात घेऊन इराला भरवायला बसली. हा घास चिऊचा, हा काऊचा, हा मामाचा. आपण सगळे असेच जेवलोय. इराला मराठी सगळं कळतं, पण बोलते इंग्लिश, तेही पक्क्या लिमरिकच्या हेलात. तिसऱ्या घासाला ती म्हणाली, आता एक प्रेसमधल्या मुलीला. प्रेस म्हणजे इकडच्या बोलीत कपाट.

आईने निखिलकडे बघितलं. त्याने हसत अर्थ सांगितला. आई पण हसली, म्हणाली देऊ की, तिला कशाला उपाशी ठेवायचं. तिने बशीत एक घास वाढला, वर तूप सोडलं, बशी कपाटासमोर ठेवली, आणि सवयीने, नैवेद्याला फिरवतात तसं बशीभोवती पाणी फिरवून हात जोडले. इरा त्या दिवशी ताटभर जेवली. मी आईचा फोटो काढून दादाला पाठवला.

सकाळी बशी स्वच्छ होती. जुनं घर, उंदीर असणारच, असं मी म्हटलं.

रविवार, सोमवार असेच गेले, आणि आम्ही खूश होतो हे कबूल करायला हवं. इरा प्रत्येक जेवणाला बशी मांडायला लावायची आणि मग जेवत सुटायची. दोन पोळ्या, मग तीन. आई पाणी फिरवायची. बशी दिवसाढवळ्या रिकामी व्हायची, आम्ही भांडी आवरून वळेपर्यंत. निखिलने मांजराची शंका काढली. मला मात्र सोमवारी एक गोष्ट खटकली – इरा जेवून उठली की दहा मिनिटांत येऊन म्हणायची, मम्मा, भूक लागली.

मंगळवारी दुपारी मी ठरवून कॉफी घेऊन बशीसमोर बसले. उंदीर, मांजर, जे असेल ते बघायचंच होतं. मागे टेबलावर आई इराला भरवत होती. बाहेर लख्ख ऊन, निखिल बागेत फोनवर. बशीतला घास जागच्या जागी होता. आणि मला आवाज यायला लागला. लहान मूल तोंड उघडं ठेवून चावतं ना, मचमच, तसा. मला वाटलं इराच. मी न वळता म्हटलं, इरा, तोंड मिटून खा. ती थांबली. आवाज मात्र थांबला नाही... अजून दोन-तीनदा आला, मग गिळल्याचा आला, आणि मग थांबला. कपाटातून.

इराने पुढचा घास घेतला आणि तो परत सुरू झाला.

मी उठून दार ओढलं. दोनदा ओढल्यावर उघडलं. आत दोन फळ्या, जुना फुलाफुलांचा कागद, बाकी काही नाही. फक्त वास होता, ताज्या तुपाचा. इरा टेबलावरून शांतपणे म्हणाली, दार लाव ना, ती जेवतेय.

मी कधी नव्हे ते आईवर ओरडले, की आजपासून हे बंद. बशी उचलून सिंकमध्ये टाकली. मग इराला कडेवर घेतलं आणि हाताला कळलं. लहान मुलांना औषध वजनावर द्यावं लागतं, त्यामुळे मूल उचललं की आकडा मनात येतोच. बाथरूममध्ये वजनाचा काटा होता, त्यावर तिला उभं केलं. साडेचौदा. काटा बिघडला असेल म्हणून मी उभी राहिले, माझं बरोबर आलं. आईला डायबेटिस आहे, तिच्या मशीनवर इराची शुगर बघितली. नॉर्मल. ताप नाही, जुलाब नाहीत, उलटी नाही. चार दिवस ती आयुष्यात जेवली नव्हती इतकी जेवली होती आणि तिचं वजन अडीच किलो उतरलं होतं. पंधरा वर्षांच्या डॉक्टरकीत मी इतकी कधी घाबरले नव्हते.

बुधवारी सकाळी बशी मांडली नाही. वाटलं, न्याहारी उरकायची आणि निघायचं, थेट हॉस्पिटल. इरा टोस्टचे चार तुकडे खाऊन पाचव्यासाठी रडत होती, आणि कपाटातला आवाज आता निखिललाही ऐकू येत होता. आदल्या दिवसापेक्षा मोठा होता. इराच्या चड्डीचं इलॅस्टिक कमरेवर राहत नव्हतं. निखिल बॅगा गाडीत टाकायला लागला.

आई मात्र जागची हलली नाही. ती म्हणाली, "असं निघता येत नाही, बाई. घास नुसता खेळात ठेवला असता त चाललं असतं. म्या पाणी फिरवलं. पाणी फिरवलं म्हणजे तिले बोलावून पानावर बसवलं. अन् घास पोट्टीच्या पानावरचा होता, म्हणून ते पोट्टीच्या पोटातून जेवून रायली. आता नुसतं ताट उचलून ते उठत नाही." मी म्हटलं, आई, मला यातलं काही ऐकायचं नाही. ती म्हणाली, "नको ऐकू. पोट्टीले गाडीत बसव. पाच मिनिटं दे मले."

इराला कारसीटमध्ये बांधलं, निखिलने गाडी चालू केली. पाच मिनिटांची दहा झाली म्हणून मी आत गेले. आई कपाटासमोर जमिनीवर मांडी घालून बसली होती. पुढ्यात एकच ताट, त्यात आदल्या दिवशीचा भात आणि दही. कपाटाचं दार उघडं होतं. मी दारातच थांबले. आईने ताटातला एक घास बाजूला काढला, पाणी फिरवलं, आणि शेजारणीशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "पोट्टीचं पान सोड. लहान हाये ते. तुले माह्या पानावरचा घास. मी जेवीन तवर तुले देईन, कुठंबी असली तरी देईन."

मग तिने स्वतःच्या तोंडात घास घातला. आई तोंड मिटून खाते, तिचा कधी आवाज येत नाही. कपाटातून आला.

आई उठली, ताट धुतलं, पालथं घातलं, आणि मला म्हणाली, चल.

लिमरिकच्या अलीकडे पेट्रोलसाठी थांबलो. इरा चीझ सँडविच मागून घेऊन अर्धं खाऊन म्हणाली, बास, पोट भरलं. उरलेलं सँडविच हातात धरून मी पार्किंगमध्ये रडले. त्याआधी मूल जेवत नाही म्हणून कितीदा रडले असेन, मूल जेवायचं थांबलं म्हणून पहिल्यांदाच. हॉस्पिटलमध्ये सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. सहकाऱ्यांनी दोन काट्यांमधला फरक असेल म्हटलं, मीही मान हलवली. महिन्याभरात वजन परत सतरावर आलं. त्या मुलीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही, आणि आम्ही काढू दिलं नाही.

मी शोध घेतला, अगदी नाही असं नाही. नोरीनना फोन केला, घर चांगलं होतं, मुलीला बरं नव्हतं म्हणून लवकर निघालो, सहज विचारते, पूर्वी तिथे कोणी लहान मूल होतं का. त्या म्हणाल्या, तीनशे वर्षांचं घर आहे, किती झाली असतील. तेव्हा थडग्यावर नाव सापडलं, जुन्या वहीत नोंद मिळाली, असं तुम्हाला सांगायला माझ्याकडे काही नाही. कोण होती, कशाने उपाशी होती, आणि होती तरी का... मला माहीत नाही.

आई सप्टेंबरमध्ये अमरावतीला गेली. दिवाळीत वहिनीचा फोन आला, की आईंचं जेवण छान सुधारलंय, पण ब्लाउज सगळे आत घ्यावे लागले. फेब्रुवारीत परत घेतले. मी सगळे रिपोर्ट मागवले. शुगर कधी नव्हती इतकी चांगली, थायरॉइड ठीक, स्कॅन स्वच्छ. दोन स्पेशालिस्टना दाखवले, ते म्हणाले वय आहे. वहिनी सांगते, आई रोज दोन्ही वेळा जेवायच्या आधी ताटातला एक घास बाजूला काढतात, पाणी फिरवतात. दादाला वाटतं, म्हातारपणी देवधर्म वाढला.

मार्चमध्ये मी व्हिडिओ कॉलवर तिला स्पष्टच म्हटलं, की आई, हे बंद कर. तिच्या गळ्याची हाडं दिसत होती. ती म्हणाली, "बंद करते ना. पण बंद केलं त ते कोणापाशी जाईन, सांग मले."

इरा तेव्हा माझ्या मागेच बसून पास्ता खात होती. मी डॉक्टर आहे, त्या बाईची मुलगी आहे, आणि मला तिला सांगता आलं असतं, की असं काही नसतं गं, तू थांबव. मी म्हटलं, बरं, काळजी घे. त्याची मला लाज वाटते, आणि पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तेच म्हणेन.

परवा इराचं वजन केलं, साडेअठरा भरलं. आईला लगेच फोन करून सांगितलं. तिला इतका आनंद झाला, तिने वहिनीला हाका मारून सांगितलं. तिचं स्वतःचं किती आहे, ते मी विचारलं नाही.