रोमची पाइपलाइन आणि गोविंदमामा

इटलीचे फोटो दोन अल्बममध्ये मावले. किस्से मात्र बांधावरच्या गवतासारखे, उपटावेत तेवढे वाढतात! अजूनही शहापुरात कुठल्या बारशाला आम्ही टूरवाले भेटलो की पाळणा राहतो बाजूला.

लिरा जाऊन युरो नुकता आला होता, तेव्हाची गोष्ट. शहापूर-मुरबाडकडचे आम्ही अठरा जण. मी शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून सगळे मला 'इंटरनॅशनल' समजायचे. बरोबर माझा सख्खा गोविंदमामा. हा माणूस तानसाच्या पाइपलाइनवर चौतीस वर्षं चालला. मुंबईला पाणी नेणाऱ्या त्या पाइपाला वाटेत कुणी चोरून भोक पाडलं की ते शोधायचं आणि बुजवायचं, ही नोकरी. भारी कडक! फक्त सुमनमामीच्या माहेरी, पाइपाखालच्या पाड्यावर, ऐन मे महिन्यातही एक झरा वाहायचा. "देवाची करणी," मामा म्हणायचा.

मामा इटलीला आला तो एका ओळीसाठी. टूरच्या कागदावर शेवटच्या दिवसापुढे लिहिलं होतं, 'रोमचा प्राचीन जलमार्ग, वेळ असल्यास.' त्या 'वेळ असल्यास'खाली त्याने लाल पेनाने रेघ मारली होती. "पंप नाय, मोटर नाय, आन् डोंगरातनं शहरात पानी नेलं गो त्यांनी! तेवढं बघायचं हाय मला."

आणि आमची मंडळी तर वेळ खाण्यात पटाईत!

*

व्हेनिसला नावेत बसलो. सगळे 'वॉव, वॉव' करत होते. मामी एकटी गप्प. बराच वेळ दोन्हीकडची घरं न्याहाळून म्हणाली, "दारात एवढं पानी, आन् एक बाई हंडा घेऊन दिसत नाय!"

*

मिलानहून निघालो, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातखाचरं! बस चहाला थांबली आणि मोजणीत तीन बायका कमी. टूर मॅनेजर जोगळेकर रडकुंडीला आले. बघतो तर मामी आणि तिच्या दोघी मैत्रिणी साड्या खोचून खाचरात उतरलेल्या. बेणणी चालू!

"गवत बघवंना गो," मामी म्हणाली. "हात शिवशिवले."

तेवढ्यात ट्रॅक्टरवरून शेतकरी ओरडत आला. साफ झालेला कोपरा बघून गप्प झाला आणि हाताने शेजारचं खाचर दाखवायला लागला!

पाऊण तास गेला. मामाने घड्याळ पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

*

पिसाला मुरबाडचे पाटीलकाका मनोऱ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. काकांनी आयुष्यभर सरकारी शाळांच्या खोल्या बांधल्या. इंजिनिअरांनी त्यांना ओळंबा लावलावून छळलेलं.

"माझी भिंत दोन बोटं कलली, तर पाडून परत बांधाय लावली," काका म्हणाले. "आन् ह्यांनी तिकीट लावलंय!"

*

फ्लॉरेन्सचा किस्सा सांगायला मामी मला बंदी करते, म्हणून सांगतेच. आठवडाभर पास्ता खाऊन तिच्या तोंडाची चव गेली होती. सकाळी तिने बॅगेतले सुके बोंबील काढले आणि खोलीतल्या इस्त्रीवर भाजायला ठेवले! घंटा काय वाजली, अख्खं हॉटेल रस्त्यावर काय आलं, लाल बंब काय आला! दोन तास खलास.

बंबावरचा अधिकारी मामीला घेऊन तावातावाने वर गेला. मामी घाबरली, आणि घाबरली की ती खायला घालते. तिने एक बोंबील पुढे केला. त्याने हुंगला, चावला, आणि दुसरा मागितला!

मामा मात्र खरंच चिडला होता. "तुज्या बोंबलापायी माजं रोम जाईल!"

*

आणि जायलाच आलं होतं. शेवटच्या दिवशी रोमात एका रांगेने सकाळ खाल्ली. जोगळेकर माइकवर म्हणाले, "सॉरी मंडळी, आता एक तास शॉपिंग आणि थेट एअरपोर्ट. जलमार्ग कॅन्सल."

मामा भांडला नाही. उठून पुढे गेला आणि हळूच म्हणाला, "साहेब, चौतीस वर्षं पाइपासंगं चाललो. त्याच्या बापाला एकदा भेटू द्या."

मग मामीच म्हणाली, "नको आमाला शॉपिंग." पाठोपाठ बाकीचे सगळेही! माझे तर डोळे भरून आले.

गावाबाहेर मोकळ्या रानात त्या उंच कमानी उभ्या होत्या. मामा चप्पल काढून जवळ गेला आणि सवयीने दगडाला कान लावला. मग त्याने जोगळेकरांना तिथल्या गाइडबाईला विचारायला लावलं, "वाटेवरच्या गावांना ह्यातलं पानी मिळायचं काय?"

गाइडबाई हसली. "हक्काचं फार कमी. बाकीचे चोरून भोकं पाडायचे."

आम्ही टाळ्याच वाजवल्या! मामा खूश. "बघा, सगळीकडं आपलीच मानसं! आन् राखणदार? त्यांना दिसायचं नाय?"

"दिसायचं ना," बाई म्हणाली. "पण काही भोकं ते मुद्दाम ठेवायचे."

टाळ्या थांबल्या. आम्ही सगळे मामाकडे न बघता कमानीकडे बघायला लागलो. मामाने घाईघाईने चपला घातल्या.

"चला, चला, बसा गाडीत! विमान थांबायचं नाय!"

"थांबा वो," मामी म्हणाली. "जोगळेकर, बाईंना एवढं विचारा, ते पन त्याला झराच म्हनायचे काय?"