वेगळी मांडलेली ताटं

ताईचा फोन आला तेव्हा काचवाला एका शाळेच्या जिन्यात शिडीवर उभा होता आणि फुटलेल्या तावदानाच्या कडेची काच धरून ठेवणारी जुनी, दगड झालेली लांबी पटाशीने खरवडत होता. खांद्यात फोन दाबून तो ऐकत राहिला. ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, त्याच्याच शहरातल्या दवाखान्यात.

"सभेतल्या वडीलधाऱ्यांनी होकार दिलाय," ताई म्हणाली. "परक्या घरी राहू नकोस म्हणाले. मी म्हटलं, परक्या कशाला? माझा भाऊ आहे तिथे, सगळं पाळतो. खरं ना रे?"

"ये की तू," तो म्हणाला. खरं आहे असं म्हणाला नाही, आणि खोटं आहे असंही नाही.

खाली उतरून त्याने नवी काच मापाला घेतली. कटर काचेवरून एका दमात ओढावा लागतो; हात मध्ये थबकला की भेग वाट सोडते. इतक्या वर्षांत असं क्वचितच झालं होतं. त्या दिवशी दोन काचा वाया गेल्या.

आई गेली तेव्हा तो दुधपित्या वयाचा होता. ताईनेच त्याला वाढवलं. त्यांची सभा ख्रिस्ताचंच नाव घेणारी, पण नेमांनी घट्ट आवळलेली. आठवड्याच्या विसाव्याच्या दिवशी चूल पेटवायची नाही, बाईने डोकं उघडं ठेवायचं नाही, ठरल्या वेळी गुडघ्यावर येऊन कपाळ जमिनीला टेकवायचं, आणि सभेबाहेरच्या माणसासोबत एका टेबलावर जेवायचं नाही. लहानपणी एकदा त्याने शेजारणीच्या हातचा गोड पाव खाल्ला. ताईला कळलं. तिने त्याला मिठाचं पाणी पाजून तो ओकायला लावला, आणि पूर्ण वेळ त्याचं डोकं छातीशी धरून स्वतः हमसून रडत होती. "देवाने तुला टाकलं तर मी काय करू रे?" तिची माया आणि तिची धास्ती त्याला कधी वेगळी करताच आली नाही.

मग शहर, काम आणि लग्न. बायको दुसऱ्या ख्रिस्ती मंडळीतली, हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात कामाला. तिच्याबरोबर तो उपासनेला जाऊ लागला आणि तिथल्या पाळकांकडून, म्हणजे धर्मगुरूंकडून, पहिल्यांदा ऐकलं की देव माणसाला जवळ करतो ते त्याने नेम पाळले म्हणून नव्हे, फुकट, कृपेने. आणि त्याची किंमत ख्रिस्ताने आधीच चुकती केली आहे. डोक्याला ते लगेच पटलं. पोटाला पटायला फार वेळ लागला. विसाव्याच्या दिवशी गरम सूप प्यायलं की कळ यायची. सासूबाई त्याच्यापुढे वाडगा सरकवत म्हणायच्या, "घ्या जावईबापू, आभाळ कोसळलं तर आधी माझ्या डोक्यावर पडेल, मी खिडकीजवळ बसलेय." हसता हसता कळा थांबल्या. ताईला मात्र त्याने यातलं काही कळवलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत वर्षं गेली.

"थोड्या दिवसांचा प्रश्न आहे," त्याने बायकोला सांगितलं. "तिचा डोळा बरा होईपर्यंत."

"म्हणजे मी काय करायचं?"

"काही नाही. मी आणि ताई आतल्या खोलीत जेवू. तुम्ही दोघी स्वयंपाकघरात."

सासूबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं माझ्या हातचं हादडलं, आणि आता मी बाहेरची झाले होय?" त्या हसल्या, पण नेहमीसारखं नाही.

ताई आली. ऑपरेशन नीट पार पडलं. डोळ्यावर पांढरी पट्टी लावून ती आतल्या खोलीत बसायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, वाकायचं नाही, डोकं खाली न्यायचं नाही, आणि साखरेच्या आजाराच्या गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या नाहीत. काचवाला तिच्यासाठी नवीन भांड्यांत वेगळं शिजवायचा, दोन ताटं आत न्यायचा आणि दार लोटून घ्यायचा. दारापलीकडे चमच्यांचा आवाज यायचा, बोलण्याचा नाही. फोन वाजला की दचकायचा. विसाव्याच्या दिवशी एका गिऱ्हाइकाची खिडकी फुटली, तर हत्यारांची पिशवी कोटाखाली लपवून चोरासारखा बाहेर पडला. ती जुनी कळ परत सुरू झाली.

"चेहरा उतरलाय तुझा," ताई म्हणायची. "उपास जास्त करतोस का?"

बायको एका संध्याकाळी वाळलेल्या चादरीची घडी घालता घालता म्हणाली, "ख्रिस्ताचा एक मोठा शिष्य होता ना, बाहेरच्यांबरोबर जेवत होता, नेमवाले पाहुणे आले तसा भरल्या ताटावरून उठून गेला. मला वाचताना नेहमी वाटायचं, ज्यांना सोडून तो उठला त्यांना काय वाटलं असेल? आता कळलं."

तो चादरीचं दुसरं टोक धरायला पुढे झाला, तर तिने ती एकटीनेच घडी करून ठेवली होती.

सभेच्या उपासाचा दिवस आला. सकाळी ताईने गोळी घेतली आणि नाश्त्याचं ताट परत पाठवलं. "आजच्या दिवशी कसं खाऊ?" काचवाल्याने आग्रह केला नाही. आग्रह केला तर आपण उपास मानत नाही हे सांगावं लागलं असतं. तो बाहेर जाऊन उगाच पटाशीला धार लावत बसला.

थोड्या वेळाने आतून धप्प आवाज आला.

तो धावला. ताई जमिनीवर कुशीवर पडली होती. गुडघे मुडपलेले, कपाळावर टेकल्याची खूण. ती प्रार्थनेला वाकली होती. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते. सासूबाई त्याच्याही आधी पोचल्या होत्या. त्यांनी ताईचं डोकं मांडीवर घेतलं. बायकोने पळत जाऊन पेल्यात साखरेचं पाणी ढवळून आणलं.

"प्या, ताई. साखर उतरलीय तुमची."

ताईने ओठ घट्ट मिटले. उघड्या डोळ्याने ती भावाला शोधत होती. "सांग त्यांना," ती कशीबशी म्हणाली. "आज नाही चालत. तू सांग. तुला माहितीये."

तिघी त्याच्याकडे बघत होत्या. तो खाली बसला, बायकोच्या हातातला पेला घेतला आणि त्यातला एक घोट स्वतः प्यायला.

"ताई, मी पाळत नाही," तो म्हणाला. "उपास नाही, विसाव्याचा दिवस नाही, काहीच नाही. लग्नानंतर लवकरच सुटलं. मी या दोघींबरोबर एका टेबलावर जेवतो. तू आलीस म्हणून नाटक केलं."

"का?"

"घाबरलो."

"कोणाला?"

"तुला."

ताईच्या तोंडून एक विचित्र आवाज आला, हसू की हुंदका ते कळेना. "अरे, मला घाबरलास?" ती म्हणाली. "डोळा अंधारल्यापासून माझं काही धड होत नाही. प्रार्थना चुकते, कुठपर्यंत आले ते विसरते, परत पहिल्यापासून धरते. रात्री वाटतं, आपलं काही खरं नाही. मग स्वतःला सांगायचे, भाऊ पाळतोय ना. आपल्या घरातलं एक माणूस तरी देवापुढे पुरं उतरेल."

हे त्याने कधी मनातही आणलं नव्हतं. आपण तिच्याशी नुसतं एक खोटं बोलतोय असं त्याला वाटत होतं. ती मात्र त्याच खोट्यावर रेलून उभी होती.

"कोणीच पुरं उतरत नाही, ताई," तो म्हणाला. "म्हणूनच ख्रिस्त आला. आपल्या वाटचं त्याने पुरं केलं. आपण फक्त घ्यायचं."

"आणि तसं नसलं तर?"

पाळकांनी इथे काहीतरी चांगलं सांगितलं असतं. काचवाल्याला ते आठवेना.

"मलाही भीती वाटते," तो म्हणाला. "अजून वाटते. पण तुझ्याकडून मला मिठाचं पाणी पाजून घेणारा देव मला आता खरा वाटत नाही. तू मला छातीशी धरलं होतंस ना, तो तसा असावा असं वाटतं."

सासूबाई पदराने ताईचा घाम टिपत राहिल्या. "अहो, आधी प्या," त्या म्हणाल्या. "भांडण साखर चढल्यावर करा, जोर येईल." ताईने तोंड उघडलं. पेला हलत होता, अर्धं पाणी हनुवटीवरून ओघळलं, बाकीचं पोटात गेलं. मग तिने सासूबाईंचा हात पकडला आणि झोप लागेपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी काचवाला बायको आणि सासूबाईंबरोबर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. ताई आली नाही. "मला नाही जमायचं," म्हणाली. "पण दार लोटू नका." उघड्या दारातून ती एका डोळ्याने बघत होती. आयुष्यात पहिल्यांदाच तो तिच्यासमोर सभेबाहेरच्या माणसांबरोबर जेवत होता. काट्याला टोचलेला बटाटा तीनदा निसटला. बायकोने टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. ती अजून रागावलेली होती, तरी ठेवला.

ताई परत गेली त्यानंतरचे दिवस वाईट गेले. सभेत कळलं तर ते तिलाच बाहेर काढतील, या वयात, एकटीला. तो रोज फोन करायचा आणि ती हवापाण्याचं बोलायची. मग एकदा तिनेच केला.

"वडीलधाऱ्यांनी विचारलं, भाऊ नीट पाळतो ना?" ती म्हणाली. "मी म्हटलं, नाही पाळत."

"मग?"

"मग काय, बोलावलंय पुढच्या बैठकीला. झोप येत नाही बघ. पण हल्ली बसूनच प्रार्थना करते. चुकली तर पहिल्यापासून धरत नाही, तिथूनच पुढे जाते." ती थांबली. "ऐक, तुझ्या सासूबाईंना विचार. सभेने काढलंच मला, तर चार दिवस तुमच्याकडे आले तर चालेल का? आणि या वेळी वेगळं शिजवू नकोस. तुझ्या हाताला चव नाही."

काचवाल्याने फोन हातात धरूनच स्वयंपाकघराकडे हाक मारली. सासूबाईंना कमी ऐकू यायचं, म्हणून पुन्हा एकदा, मोठ्याने मारली.