उस्तादाच्या हातची गाडी

गाडीच्या चाचणीला सगळ्यांत वाईट माणूस कोण, असं मला विचाराल तर मी सांगेन, सगळ्यांत चांगला ड्रायव्हर. हे शहाणपण मला फार उशिरा सुचलं. त्या दिवसांत मी कारखान्याच्या चाचणी-ड्रायव्हरच्या, म्हणजे उस्तादाच्या, शेजारच्या सीटवर बसून मांडीवरच्या कागदावर आकडे लिहीत होतो आणि त्याचा जोडीदार म्हणून कारखान्यात छाती काढून फिरत होतो.

महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. युद्धातली जुनी दणकट गाडी सैन्याला आता जड वाटू लागली होती. चार जवानांनी उचलून चिखलाबाहेर काढावी इतकी हलकी गाडी त्यांना हवी होती. आमच्या साहेबांनी ती बनवली. लोखंड कमी केलं, प्रत्येक चाकाला वेगळी स्प्रिंग दिली. खड्ड्यांवरून ती इतकी मऊ जायची की जुन्या गाडीने मोडलेल्या कंबरा तिला दुवा द्यायच्या. फक्त जोरात वळलं की मागचं चाक पोटाखाली दुमडू बघायचं आणि गाडी एका अंगावर उठायची.

उस्ताद तिला उलटू द्यायचा नाही. ब्रेकला पाय लावायचा नाही, उलट ॲक्सिलरेटर किंचित दाबायचा, स्टिअरिंग बोटभर सैल सोडायचं, की झालं. उतू जाणारं दूध फुंकर मारून बसवावं तसं. तो हे विचार करून करत नव्हता. फॉर्मवर प्रश्न होता, गाडी वळणावर स्थिर आहे का? त्याने लिहिलं, आहे. खाली मीही सही ठोकली. दांडी घट्ट धरून माझी बोटं पांढरी पडली होती, पण ते लिहायला फॉर्मवर रकाना नव्हता.

गाड्या सैन्यात गेल्या आणि उलटू लागल्या. विशीतली पोरं, आठवडाभर शिकून स्टिअरिंगवर बसलेली. गाडी उठली की घाबरून ब्रेक मारायची आणि तिच्याखाली चिरडली जायची. प्रत्येक अपघाताचं पत्र कारखान्यात यायचं. उस्ताद डबा खाता खाता ते वाचून दाखवायचा आणि म्हणायचा, नाचता येईना अंगण वाकडं. आम्ही हसायचो. नऊ पत्रांना हसलो. मोजली नव्हती असं खोटं कशाला सांगू.

दहावं पत्र त्याच्या घरी गेलं. त्याचा मुलगा तसाच गाडीखाली गेला होता; भरती होऊन चार महिने झाले होते.

मग चौकशी बसली. समितीपुढे प्रश्न एकच, दोष गाडीचा की चालवणाऱ्याचा? गाडीचा ठरला तर सगळ्या गाड्या परत येणार. चालवणाऱ्याचा ठरला तर मुलाच्या नावापुढे निष्काळजीपणा लागणार आणि गाड्या तशाच धावणार. साहेबांनी सुचवलं, आमचा माणूस त्याच वेगाने तसंच वळण घेऊन दाखवेल. बापालाच पुढे करताना त्यांची जीभ जराही अडखळली नाही.

मला वाटलं, उस्ताद नाही म्हणेल. तो हो म्हणाला. आदल्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा वहिनी मुलाची खाट उभी करून भिंतीला टेकवत होत्या. त्यांच्यासमोरच उस्ताद मला म्हणाला, "उद्या मी ब्रेक मारणार. पोराने मारला असेल तसाच. होऊ दे उलटी."

वहिनींनी पाठ न वळवता सांगितलं, "हेल्मेट घाला."

मैदानावर त्याने मला शेजारी बसू दिलं नाही. माझ्या जागी वाळूची पोती ठेवली. गाडी वळणावर आली, चाक दुमडलं, गाडी उठली. ती उलटावी म्हणून मी दात आवळून उभा होतो. आपल्या जिवाभावाच्या माणसासाठी असलं काही मागायची पाळी माझ्यावर आली होती. आणि गाडी अलगद खाली बसली.

कुणी सांगितलं नसताना तो पुन्हा फिरला. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या खेपेला तो स्वतःच्या पायाला आईबहिणीवरून शिव्या देत होता, आम्हाला कडेपर्यंत ऐकू येत होत्या. तीस वर्षं त्या पायाला त्याने एकच गोष्ट शिकवली होती. गाडी तिन्ही वेळा खाली बसली. समितीने टाळ्या वाजवल्या.

तो खाली उतरून म्हणाला, "मी ब्रेक मारणार होतो."

"पण मारला नाहीत ना," अध्यक्ष कौतुकाने म्हणाले. "चांगला चालक मारतच नाही."

उस्तादाने माझ्याकडे पाहिलं. त्याचा बेत कानांनी ऐकलेला मी एकटाच तिथे होतो. पण जुन्या फॉर्मवर माझीही सही होती. मी बुटांकडे बघत राहिलो. गाडीत दोष नसल्याचा कागद पुढे आला, त्याने सही केली.

त्याला घरी मीच पोचवलं. वहिनी दारातच होत्या. त्यांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, बाह्या वर सारून हात उलटसुलट करून पाहिले. कुठेच खरचटलेलं नव्हतं.

"म्हणजे आपलाच पोरगा चुकला," त्या म्हणाल्या. मग त्या आत गेल्या आणि आतून कडी लावली.