थोरलीचं पाणी

माझ्या मामाने आयुष्यभर लोकांचे वजनकाटे दुरुस्त केले. भाजीवाल्याचा, रद्दीवाल्याचा, औषधाच्या दुकानातला काचेच्या पेटीतला नाजूक काटा, सगळे त्याच्याच बाकावर येतात. दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली बोळवजा खोली. आत मामा उभा राहिला की गिऱ्हाइकाने रस्त्यावरूनच बोलायचं. केसभर फरक त्याला खपत नाही. माझ्या लग्नाच्या पत्रिकेचा कागद ठरल्यापेक्षा पातळ आहे, हे त्याने छापखान्यात जाऊन पत्रिका तोलून सिद्ध केलं होतं. लग्न लांबणीवर पडता पडता वाचलं.

अशा या काटेकोर माणसाच्या घरात मामीची वाफेची इस्त्री दोन वर्षं गळत होती. मामी कपडे शिवते. गिऱ्हाइकाच्या कपड्यावर डाग पडू नये म्हणून ती इस्त्रीच्या बुडाशी एक पांढरं फडकं धरून काम करायची. "अहो, एवढं वॉशर बघा ना," असं ती म्हणाली की मामा म्हणायचा, "रविवारी." आणि रविवार थोरलीचा असायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याकडे अगदी इस्त्रीच्या टेबलावर होता.

थोरली म्हणजे मामाचं पहिलं इंजिन. वाफेवर चालणारं, खऱ्या रेल्वे इंजिनासारखं, पण दोन हातांत उचलता येईल एवढं. लग्नाआधी पेटीभर सुटे भाग आणून त्याने ते चौदा महिने खपून जोडलं. तांब्याचा बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा, हिरवा रंग, सहा चाकं. पुढे आणखी दोन इंजिनं आली, मधली आणि धाकटी. दोघीही दिसायला उजव्या. पण मामाला विचारलंत तर तो म्हणेल, पहिली ती पहिली. स्वतःला मूल नसलेल्या माणसाने यंत्रात जीव गुंतवला, असं काही शहाणे हळहळून बोलतात. त्यांना मी सांगते, मला कॉलेजात असताना चार वर्षं यांनीच सांभाळलं आहे, आणि थोरलीइतकंच ओरडून सांभाळलं आहे.

मी तेव्हा त्या घरात राहत होते, म्हणून थोरलीची सगळी सेवा मला पाठ आहे. थोरलीच्या रुळावरच्या फेऱ्या संपल्या की ती गरम असतानाच पाण्याचं बूच उघडायचं. बंद ठेवलं तर आत वाफ थंड होते आणि सिलिंडरकडचं तेल बॉयलरमध्ये ओढलं जातं. मग तेलाच्या डबीत वाफेचं साचलेलं पाणी सिरिंजने काढायचं, दांड्यांच्या सांध्यांवर सुईच्या टोकाने एकेक थेंब तेल सोडायचं, चाकं पुसायची आणि सगळं फलाटीनच्या मऊ पिवळ्या कापडावर ठेवायचं. त्या फलाटीनवर दुसरी वस्तू ठेवायला बंदी. थोरलीच्या पाच बारीक पेचकसांना हात लावायलाही बंदी. मी एकदा त्यातल्या एकाने चष्म्याचा स्क्रू आवळला, तर दोन दिवस मामा माझ्याशी तुटक बोलत होता.

आणि पाणी! पाणी हा मामाचा धर्म. नळाचं पाणी म्हणजे विष, त्याने बॉयलरच्या आत क्षार धरतो आणि इंजिन गुदमरतं, हे प्रवचन त्याने ओळखीच्या प्रत्येकाला दिलेलं आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तो कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून बॅटरीत घालायच्या पाण्याचा कॅन आणायचा. त्यावर पेनने पातळीची खूण करायचा. घरात मोकळी जागा एकच, मामीच्या शिलाई मशीनखाली. कॅन तिथे असायचा.

शहरातल्या मॉडेल इंजिनवाल्यांचं एक मंडळ आहे. एका शाळेमागे त्यांनी कमरेएवढ्या उंचीवर रूळ बांधलेत आणि दर रविवारी वीसेक वयस्क माणसं तिथे लहान होतात. गेल्या वर्षी मंडळाने पत्र काढलं की तीस वर्षांहून जुन्या प्रत्येक इंजिनाचा बॉयलर तपासायचा. चाळीस पाउंड दाबावर चालणाऱ्या बॉयलरमध्ये पंपाने पाणी कोंबून ऐंशीपर्यंत न्यायचं. दहा मिनिटं दाबाच्या गेजचा काटा खाली आला नाही तर पास. नापास झाला तर मंडळाचा जुना नियम. मालकाने स्वतःच्या हाताने, तिथल्या तिथे, त्या बॉयलरला ड्रिलने भोक पाडायचं, म्हणजे पुढे कधी मोहात पडून कोणी तो पेटवायला नको. हा नियम मामानेच केलेला. चिटणीस होता तेव्हा.

"थोरलीची कसली काळजी?" मामा गाडीत बसताना म्हणाला. गाडी मी चालवत होते, मामी मागे, तिच्या मांडीवर थोरली. "एक्केचाळीस वर्षं शुद्ध पाणी प्यायलंय तिने. नापास होतील ते नळवाले."

मामी खिडकीबाहेर बघत होती. एरवी ती अशा बोलण्यावर एक तरी टोमणा मारते. मला वाटलं, झोप झाली नसेल.

तपासणीला एक निवृत्त बॉयलर इन्स्पेक्टर होते. सगळे त्यांना साहेब म्हणतात. आमच्या आधी मास्तरांचा नंबर होता. मास्तर गणिताचे, मामाचे मित्र, आणि मामाच्या प्रवचनाचे सगळ्यात एकनिष्ठ श्रोते. त्यांच्या इंजिनाचा काटा साठवर गेला आणि बघता बघता खाली आला. गेजखालच्या पितळी कडीतून पाण्याचा बारीक मणी बाहेर आला, मग दुसरा.

साहेबांनी कडीवर टोकदार हत्याराने खरवडलं. पितळ भुसभुशीत होऊन लाल पडलं होतं.

"पाणी कुठलं वापरता?" साहेबांनी विचारलं.

"बॅटरीचंच," मास्तर म्हणाले. "एक थेंब दुसरं नाही."

"तिथेच घात झाला. हे पाणी इतकं शुद्ध असतं की ते उपाशी असतं. पितळेतलं जस्त खाऊन टाकतं. थोडं साधं पाणी मिसळलं असतं तर त्याची भूक भागली असती. कोणी सांगितलं होतं तुम्हाला हे?"

मास्तर म्हणजे भला माणूस. त्यांनी मामाकडे बघितलंसुद्धा नाही. ड्रिल हातात घेतलं, बॉयलरच्या पोटाला लावलं आणि डोळे मिटून बटण दाबलं. तांब्याचा चकचकीत कीस टेबलावर पडला.

मी मामाकडे बघितलं. अति तेथे माती, हे त्याने मला हजारदा ऐकवलंय, पण स्वतःला लागू करून पाहायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती. मित्राच्या बॉयलरला आपल्या बोलण्याने भोक पडलं आणि आता स्वतःच्या थोरलीला आपल्याच हाताने पाडायचं.

"काटेवाले, आणा," साहेब म्हणाले.

"साहेब, माझंही तेच पाणी," मामा म्हणाला. आवाज खाली गेला होता, पण लपवालपवी नाही. "मास्तरांना मीच सांगितलं होतं. हिचं काय व्हायचं ते होऊ दे."

पंप सुरू झाला. चाळीस. साठ. सत्तरला मामाने माझं मनगट धरलं. ऐंशी. साहेबांनी घड्याळ लावलं. जगातल्या सगळ्या काट्यांशी दोस्ती असलेला माणूस त्या एका काट्याकडे बघू शकत नव्हता, म्हणून माझ्याकडे बघत होता आणि मी त्याला दर मिनिटाला मान हलवून सांगत होते, आहे, अजून आहे. दहा मिनिटं झाली. काटा होता तिथेच होता.

साहेबांना मात्र समाधान नव्हतं. त्यांनी बूच काढलं, दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसला आरसा आत सरकवला, टॉर्च मारला आणि हसले. "आत पांढरा पातळ थर आहे. अगदी हवा तेवढाच. काटेवाले, उगीच कशाला सांगता? तुम्ही नळाचं पाणी घालता."

"मी?" मामाचा जुना आवाज परत आला. "एक्केचाळीस वर्षांत नळाचा थेंब नाही!"

"थेंब नाही," मामी म्हणाली. "महिन्याला दोन तांबे."

सगळे वळले. मामीने पदर खोचला. एकदा बोलायचं ठरवलं की ती शिवण उसवावी तसं सरळ बोलत जाते.

"माझी पहिली वाफेची इस्त्री नळाच्या पाण्याने सहा महिन्यांत तुंबली. तुमच्या कॅनमधलं थोडं मागितलं तर म्हणालात, इस्त्रीला कसलं आलंय चांगलं पाणी. मग मी मागायचं सोडलं आणि घ्यायला लागले. तीस वर्षं झाली."

"पण मी कॅनवर खूण करत होतो!"

"म्हणून तर बरोब्बर खुणेपर्यंत नळाचं भरत होते. तुमच्याच घरात राहते ना, मापात चूक कशी होईल?"

मास्तर पहिल्यांदा हसले. मग साहेब, मग सगळं मंडळ. गुंजभर फरक ओळखणाऱ्या माणसाला तीस वर्षं दोन तांबे कळले नव्हते! मामा हसला नाही. तो थोरलीकडे बघत होता, मग मामीकडे, आणि मला त्या क्षणी तो फार आवडला, कारण त्याने रागावण्याचा साधा प्रयत्नही केला नाही.

साहेब फॉर्म भरत होते. "देखभाल कोणाची लिहू?"

मंडळाच्या कुठल्याही फॉर्मवर या रकान्यासाठी मामा छाती काढून पुढे व्हायचा. आता म्हणाला, "हिची लिहा. जागा उरली तर खाली माझं नाव घाला."

मग तो मास्तरांजवळ गेला. त्यांच्या भोक पडलेल्या इंजिनाला हात लावून म्हणाला, "मास्तर, नवा बॉयलर मी बनवून देणार. पितळ नाही, कांशाच्या कड्या घालतो. तोवर माझी मधली तुमच्याकडे." मास्तर नको म्हणाले. मामाने ऐकलं नाही. ऐकण्याची त्याला सवयच नाही.

रुळावर थोरलीत पाणी भरताना त्याचा हात घरच्या कॅनमधून भरून आणलेल्या बाटलीवर थबकला. "घाला निर्धास्त," मामी म्हणाली, "मिसळलेलंच आहे." दिवा पेटला, काटा चाळीसवर चढला. वाफ सोडायच्या दांडीला मामाने आजवर कोणाला बोट लावू दिलं नव्हतं. तो बाजूला झाला. "ये गं, उघड तू."

मामीने दोन बोटांनी दांडी सरकवली. थोरली एकदा फुसफुसली आणि निघाली. पाच फेऱ्या झाल्या, एकदाही अडखळली नाही.

थोरली गरम असतानाच तिथे बूच उघडलं, घरी आल्यावर तेल घातलं, सेवा झाली. मग मामाने थोरली कपाटात ठेवली, पिवळं फलाटीन झटकून पुन्हा टेबलावर पसरलं आणि त्यावर मामीची इस्त्री ठेवली. पाच पेचकस काढले. वॉशर बदलायला अकरा मिनिटं लागली.

मामीने पाणी भरलं, इस्त्री तापवली, वाफेचं बटण दाबलं आणि एक अख्खी बाही इस्त्री केली. खाली थेंब नाही. ते पांढरं फडकं तिच्या हातात तसंच राहिलं होतं. दोन वर्षं पाणी टिपून टिपून ते मऊ झालं होतं. तिने त्याची घडी घातली आणि मामाच्या हातात दिली.

"हे तिची चाकं पुसायला घ्या," ती म्हणाली. "मला आता लागणार नाही."