लाल धागा मागे गेला

कॉलेजच्या आवारात सगळे माझ्या सासूबाईंना मावशी म्हणतात. मुलींच्या वसतिगृहाच्या दाराशी त्यांची खुर्ची असते. कोण आलं, कोण गेलं, कुणाचा चेहरा उतरलाय, हे त्यांना न विचारता कळतं. इतक्या वर्षांत एकही किल्ली त्यांच्या हातून हरवलेली नाही. म्हणूनच यंदाच्या उन्हाळ्यात मी हबकले.

प्राचार्यांनी टूम काढली होती की सुट्टीत सगळ्या कॉलेजने एकच पुस्तक वाचायचं. विद्यार्थी, प्राध्यापक, आम्ही ऑफिसातली माणसं, शिपाई, माळी, सगळ्यांनी. कॉलेज उघडलं की एकत्र बसून त्यावर बोलायचं. प्रती कमी पडल्या, तेव्हा एका घरातले दोघं कामाला असतील तर त्यांना एकच प्रत. आम्हा सासू-सुनेच्या वाट्याला मिळून एक आली. दीपगृह सांभाळणारा माणूस, त्याची मुलगी आणि त्यांचा कुत्रा, अशी गोष्ट. दुपारी पुस्तक सासूबाईंबरोबर वसतिगृहावर जायचं, संध्याकाळी माझ्याकडे यायचं. खुणेला त्यांचा लोकरीचा लाल धागा, माझा निळा. पाहता पाहता लाल धागा माझ्या कितीतरी पुढे गेला.

मग तो मागे यायला लागला. आज पुस्तकाच्या मध्यावर, उद्या पुन्हा सुरुवातीला. मी सहज विचारलं, कुठपर्यंत आलात आई? त्या जरा घुटमळल्या.

"आठवत नाही बाई," म्हणाल्या आणि भांडी लावायला उठल्या.

त्यांच्या थोरल्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी त्यांनी पोटच्या मुलाला विचारलं होतं, तुम्ही कोण? नवऱ्याला सांगितलं, तर तो हसण्यावारी नेऊ लागला. आईला माझी तिसरीतली भांडणंसुद्धा पाठ आहेत, म्हणाला. मी देवापुढे हात जोडताना रोज एकच मागत होते. सकाळी सासूबाईंच्या चहाशेजारी भिजवलेले बदाम ठेवत होते. अखेर डॉक्टरांची वेळ घेतली, त्यांना न सांगताच, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून वसतिगृहावर गेले.

खुर्ची रिकामी. इमारतीच्या मागून आवाज आला म्हणून तिकडे वळले.

नळाशेजारच्या सावलीत माळीकाका बसले होते. समोरच्या पायरीवर सासूबाई. पुस्तक मांडीवर, चष्मा डोक्यावर चढवलेला, आणि गोष्ट मात्र घडाघडा चाललेली. कुत्रा वादळात हरवतो, तिथवर आल्या तशी माळीकाकांनी हात वर केला.

"थांबा. तो दारात झोपतो तिथून घ्या परत."

"अहो, कितीदा मागे जाऊ? मागे गेल्याने तो परत यायचा नाही. पुढे चला, म्हणजे कळेल तरी."

मी भिंतीला टेकले. लाल धागा मागे का येत होता ते कळलं आणि सुटल्यासारखं वाटलं.

माळीकाकांनी मला पाहिलं आणि ते ओशाळले. पुस्तक बगलेत मारून ऐटीत फिरणाऱ्या या माणसाला वाचता येत नाही, हे आवारात सासूबाईंखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी कुणाला न सांगण्याचा शब्द दिला होता, घरातसुद्धा. "आता सूनबाईंना कळलंच आहे," ते मान खाली घालून म्हणाले, "तर कॉलेज उघडल्यावर सगळे बसतील त्या दिवशी मीच सांगून टाकतो. मी ऐकून वाचलं म्हणून." आणि तसं त्यांनी खरंच सांगितलं.

घरी येताना मी सासूबाईंना सगळं सांगितलं.

"म्हणून बदाम होय? मला वाटलं, सुनेला पुळका आलाय."

"पुळकाच आला होता."

"ती डॉक्टरांची वेळ वाया घालवू नकोस. तूच जाऊन ये."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. कोपऱ्यावर थांबून त्यांनी पदराने चष्मा पुसला. "खरं सांगू? ताईचं तसं झाल्यापासून मीही रोज उठल्यावर चाचपून बघते गं, काल काय जेवले ते आठवतंय का. त्या माळ्याने तेच तेच दहादा वाचायला लावलं आणि एक दिवस लक्षात आलं, पुस्तकात न बघता पानंच्या पानं म्हणतेय मी. इतकं बरं वाटलं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुस्तक उघडलं. लाल धागा कुत्रा हरवतो त्या पानाच्या पुढे गेला होता. त्या दिवशी देवापुढे मी काही मागितलं नाही. नुसते हात जोडले.