स्टेपनी? लावली.

आमच्या घरात खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गाडीची चाकं बदलतात. पंक्चर असो वा नसो. पुढची चाकं लवकर झिजतात, म्हणून दरवर्षी पुढची मागे आणि मागची पुढे, असं बाबांचं गणित. शिवाय दुसऱ्या दिवशी जॅक आणि पाना पूजेला बसणार, तर त्यांनी आदल्या दिवशी काम केलेलं असावं; वर्षभर डिकीत लोळत पडलेल्या हत्याराला हळदकुंकू कशाला, असंही ते म्हणतात. मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहते. आमच्या बिल्डिंगखाली टायरचं दुकान आहे. तिथले सिंधी काका मला दर वेळी सांगतात, "बेटी, गाडी इधर भेज दे, चाय पीते पीते हो जाएगा." मी तो निरोप अंबरनाथला माहेरी नेते आणि बाबा माझ्याकडे अशा नजरेने बघतात, की पुन्हा म्हणून तो विषय काढू नये. मी पुढच्या वर्षी पुन्हा काढते.

तर त्या दिवशी मी माहेरी जातेच. कशासाठी, ते स्पष्टच सांगते. वहिनी चाकं बदलते ते बघायला जाते आणि बघून जळते.

ही माझ्या थोरल्या भावाची बायको. नात्याने मोठी, वयाने माझ्यापेक्षा लहान, त्यामुळे मी तिला वहिनी म्हणते आणि ती मला ताई. माहेर बदलापूरच्या पलीकडच्या गावातलं, घरची शेती. लग्नाआधी ती ट्रॅक्टर चालवायची, हे आमच्या आईने कौतुकाने सगळ्या बिल्डिंगला सांगून ठेवलं होतं. तिच्या हातचं मटण चांगलं होतं, माणसांत मिसळते, आवाज चढवत नाही. एवढ्यावर थांबली असती तर मी तिला मनापासून माफ केलं असतं. पण तिने बाबांचा पाना घेतला.

ते कळायला थोडं मागे जावं लागेल. बाबा फॅक्टरीत सुपरवायझर होते. त्यांच्या सेक्शनमध्ये कुठलंही धोक्याचं काम एकट्याने करायचं नाही असा नियम होता. एकाने विचारायचं, दुसऱ्याने करून उत्तर द्यायचं. ती सवय ते क्वार्टर्समध्ये घरी घेऊन आले. सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा चाक बदलण्यालाही त्यांनी तोच नियम लावला. गाडी सपाट, कडक जमिनीवर उभी करायची. आत कुणी बसायचं नाही. मग बाबा विचारणार आणि भाऊ उत्तर देणार.

"हँडब्रेक?"

"लावला."

"गिअर?"

"पहिला."

"दगड?"

"लावले." म्हणजे जे चाक उचलायचं, त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून आणि मागून.

"नट?"

"ढिले केले." हे चाक जमिनीवर असतानाच करायचं. गाडी जॅकवर चढवून मग पान्याला झटके दिले तर गाडी डुलते.

"जॅक?"

"खाचेत." खाली फळी आणि वर गाडीच्या पोटाची खाच, दुसरीकडे कुठेही नाही.

आणि शेवटी, गाडी उचलून झाली की बाबा आवाज जरा जड करून विचारायचे, "स्टेपनी?"

"लावली."

म्हणजे स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवली. जॅक निसटलाच, तर गाडी स्टेपनीवर बसेल, माणसावर नाही. गाडी हवेत असेपर्यंत तिच्याखाली एक चाक झोपलेलं पाहिजे, हे बाबांचं वाक्य. ते ऐकल्याशिवाय चाकाला हात लावायची परवानगी नव्हती.

मी हे सगळं गॅलरीतून ऐकत मोठी झाले. परवचा पाठ नव्हता तेव्हा मला हे पाठ होतं. भाऊ उत्तरं देताना क्रिकेटचा स्कोअर ऐकत असायचा, त्याची उत्तरं मागेपुढे व्हायची, आणि मी वर कठड्याला धरून ती बरोबर क्रमाने पुटपुटत असायचे. एकदा धीर करून खाली गेले आणि पान्याला हात घातला. बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते अगदी सहज म्हणाले, "तू जा, चहाचं बघ." मी गेले आणि चहाचं बघितलं. पूजेच्या दिवशी जॅकला आणि पान्याला घालायचे झेंडूचे हार मात्र मीच ओवायचे, आणि वर लोक म्हणायचे, किती सुरेख ओवते.

पुढे भावाची कंबर धरली आणि त्याचं वाकणं बंद झालं. मला वाटलं, आता हा कार्यक्रमच संपला. तेवढ्यात लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला वहिनी पदर खोचून खाली उतरली आणि म्हणाली, "बाबा, मला सांगा, मी करते." बाबांनी तिला चहाचं बघायला पाठवलं नाही. नट घट्ट होता, तिने पान्यावर पाय देऊन सगळं वजन टाकलं, नट कुरकुरत सुटला, आणि लगेच तिने वाकून पान्याला हात लावून नमस्कार केला. हत्याराला पाय लागला म्हणून. बाबा इतके खूश झाले की त्यांनी संध्याकाळी ते मला दोनदा सांगितलं, जशी काही मी तिथे नव्हतेच. मी होते. गॅलरीत होते.

तेव्हापासून ते तिला "पोरी" म्हणतात. "पोरी, दगड?" "पोरी, नट?" मला आयुष्यात कधी त्यांनी पोरी म्हटलेलं नाही. मी "ए" आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता आणि ऑपरेशन ते दिवाळीनंतर, दिवाळीनंतर असं करत ढकलत होते. त्यांना गाडीचा आकार दिसायचा, खालचं काही नाही. पण विचारायला डोळे कशाला लागतात. ते खाली कंपाउंडमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते आणि वहिनी पुढच्या डाव्या चाकाशी उकिडवी. ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं होतं. मी चहाचा ट्रे घेऊन जिना उतरले. अजूनही चहाचं मीच बघते.

वहिनीने स्टेपनी काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकूंना स्कूटर बाहेर काढायची होती, म्हणून वहिनीने उठून त्यांना वाट करून दिली, दोन शब्द बोलली, आणि परत येऊन बसली. जॅकचा दांडा फिरवला. गाडी वर आली.

"स्टेपनी?" बाबांनी विचारलं.

"लावली."

स्टेपनी माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभी होती.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, छातीत गार वाटलं. इतकी वर्षं वाट बघत होते आणि वहिनी चुकली होती, तेही नेमकी तिथे, जिथे बाबा कुणालाही माफ करत नाहीत. तोंडून सवयीने उत्तर निघून गेलं होतं, कामाआधी शब्द. आता मी फक्त मोठ्याने बोलायचं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं. तेवढ्यात तिने शेवटचा नट काढून बाजूला ठेवला आणि दोन्ही हात चाकाला घातले.

मग वाक्य राहिलं. ट्रे कट्ट्यावर ठेवला, स्टेपनी ढकलत नेली, आडवी पाडली आणि पायाने गाडीखाली सारली. वहिनीने चमकून वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत कळल्याचं दिसलं. पण चाक अर्धं सुटलं होतं आणि ते हातातून सोडता येत नव्हतं. तिने ते ओढून काढलं, आणि त्याच क्षणी फळीखालची फरशी खचली. त्या वर्षीच्या पावसाने कंपाउंडच्या फरशा आतून पोकळ झाल्या होत्या, ते वरून कळत नव्हतं. जॅक हळूच तिरका झाला, जसा कुणी झोपेत कलंडतो, आणि गाडी खाली आली. आवाज मोठा नव्हता. धप्प. गाडी स्टेपनीवर बसली.

बाबा खुर्चीतून उठले होते. मी त्यांना इतक्या चटकन उठताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. "हात?" ते म्हणाले. "पोरी, हात कुठाय?"

"हात आहे, बाबा."

"दोन्ही?"

"दोन्ही."

ते पुढे आले, चाचपडत तिचे हात हातात घेतले, बोटं मोजल्यासारखी दाबून पाहिली. मग त्यांचा चेहरा सैल झाला. "शाब्बास," ते म्हणाले. "बघितलंस? स्टेपनी लावली होतीस म्हणून वाचलीस."

मी तिथेच उभी होते, पायांवर स्टेपनीची धूळ. ते शाब्बास माझ्यासमोरून माझ्या वहिनीकडे गेलं. मला रडू आलं असतं, पण संताप आधी आला. म्हटलं, घे बाई, हेही घे.

वहिनी म्हणाली, "मी नाय लावली, बाबा. ताईंनी लावली."

यावर काय वाटावं? तर मला आणखी राग आला. खरं बोलून मोठं होण्याची संधीसुद्धा तिनेच घेतली.

"पण तू तर लावली म्हणालीस," बाबा म्हणाले.

"म्हटलं. तोंडातनं गेलं. लावली नव्हती."

बाबा परत खुर्चीत बसले. मग माझ्या दिशेने मान वळवून, पण मला न विचारता, तिलाच म्हणाले, "हिला कसं कळलं, कुठे लावायची ते?"

"त्यांना सगळं येतं, बाबा," वहिनी म्हणाली. "दरवर्षी वरून बघतात की. तुमच्याबरोबर ओठ हलवत असतात."

मला वाटलं जमीन दुभंगावी. म्हणजे ती मला बघत होती. मी तिला बघून जळत होते आणि ती नट काढता काढता मला बघत होती, आणि इतकी वर्षं घरात एक शब्द बोलली नव्हती.

बाबांनी हाताने खूण केली. "पाना तिला दे," ते वहिनीला म्हणाले. "आणि पहिल्यापासून."

पाना मी समजत होते त्यापेक्षा जड होता. मी उकिडवी बसले, साडी गुडघ्यात गोळा केली.

"हँडब्रेक?"

मला सगळं येत होतं. चाळीस वर्षं येत होतं. तरी मी उठून गाडीत हात घालून दांडा ओढून पाहिला, मगच बोलले. "लावला."

"गिअर?"

"पहिला."

"दगड?"

मी मागे जाऊन दोन्ही दगड पायाने दाबून बघितले. "लावले." जॅक काढून खचलेल्या फरशीपासून दूर, त्याच बाजूच्या दुसऱ्या खाचेखाली नेला, तिथली फरशी आधी टाचेने ठोकली, मग फळी ठेवली. गाडी स्टेपनीवरून अलगद उठली. "स्टेपनी?" त्यांनी विचारलं, आणि मी वाकून हात लावून पाहिलं, की तिथेच आहे. मग काढलेलं चाक तिच्याजागी खाली सारून स्टेपनी वर चढवली, नट हाताने बसवले, मग एक सोडून एक, समोरासमोर आवळले, गाडी खाली घेतली, आणि पान्यावर उभी राहून शेवटचं वजन टाकलं. उतरले आणि पान्याला नमस्कार केला. स्टेपनीलाही केला, मघाशी पाय लागला होता.

"जमलं की तुला, पोरी," बाबा म्हणाले.

आंधळेपणात त्यांनी मला वहिनी समजलं की काय, ही शंका मला अजून येते. मी ती कुणाला विचारलेली नाही, आणि आता त्यांचे डोळे नीट झाल्यावर विचारण्यात अर्थही नाही.

वहिनी कट्ट्याजवळ उभी होती. ग्रीसचे हात तिने कुठेच पुसले नव्हते, पुढे धरून ठेवले होते. तिची नजर पान्यावर होती. ती नजर मी ओळखते, मला ती ओळखायला आरसा लागत नाही.

"ताई, मागचं मी करू का?" तिने विचारलं.

चहा केव्हाचा गार झाला होता.

"तू जा," मी म्हटलं. "चहाचं बघ."

तिने ट्रे उचलला आणि वर गेली. मी मागच्या चाकाशी बसले, दगड पुढे आणून लावले. बाबांच्या पुढच्या प्रश्नाआधी सहज मान वर केली, तर ती गॅलरीत उभी होती, कठड्याला धरून.